घोडीला जाळीतून गवत घालतंय का कुणी?

रिकीब | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. या विभागात कुत्र्यामांजरांचे धागे ढिगाने आहेत, घोड्याचा एकही दिसला नाही, म्हणून हा काढतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमची मैना मारवाडी घोडी. वय अकरा, फितीने मोजलेलं वजन पावणेचारशे किलोच्या आसपास. सासवडच्या अलीकडे एका मित्राच्या शेतावर असते. तिचं खाणंपिणं, खरारा, ठाण झाडणं सगळं मामा बघतात. मामा माझे कुणी नव्हेत, सगळ्या गावाचे मामा. तीन पिढ्या वरातीच्या घोड्यांत गेल्या. मी शनिवार-रविवारची मालकीण, त्यामुळे घोडीच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा हे सांगायला नको.

दिवाळीनंतर मैनाने नवीनच चाळा सुरू केला. ठाणाच्या आडव्या वाशाला वरचे दात रोवायचे, मान ताठ करायची आणि 'हुक्' असा आवाज काढत हवा ओढायची. रात्री नऊला सुरू, ते पहाटेपर्यंत. वासा उंदरांनी कुरतडल्यासारखा झालाय. 'वारा प्यालेली घोडी' हे लहानपणापासून ऐकत आले, बघायला आत्ता मिळालं.

डॉक्टर आले. दात बघितले, शेण बघितलं, पोटाला कान लावला. मग विचारलं, खायला काय, किती आणि कधी? पहिल्या दोन्हीची उत्तरं तयार होती. गवत सहा किलो, चंदी तीन किलो (भरडलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, थोडे ओट). 'कधी'ला मात्र आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी साडेसहा. संध्याकाळचं गवत नऊच्या आत संपतं. म्हणजे रोज रात्री नऊ तास घोडी रिकाम्या तोंडाने उभी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही हिला माणसासारख्या जेवणाच्या वेळा लावल्यात. मोकळं घोडं दिवसाचे चौदा ते अठरा तास चरत असतं.

उपाय सांगितला तो असा: चंदी निम्मी करा, गवत वाढवा, आणि गवत जास्त वेळ पुरेल अशी काहीतरी युक्ती करा. लहान भोकांच्या जाळीत गवत भरून टांगलं की घोड्याला ते ओठांनी आणि पुढच्या दातांनी काडी-काडी ओढून काढावं लागतं.

मामांना हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "जाळ्यात घालून खायला ती काय मासळी हाय?"

तयार जाळी ऑनलाइन बघितली, किमती बघून बंद केली. पुण्यात खेळाच्या दुकानातून क्रिकेटच्या सरावाची जाळी आणली, भोक साधारण साडेचार सेंटिमीटर. तिची पिशवी शिवली, वर दोरी ओवली. पहिल्या रात्री अतिशहाणपणा करून जाळी दुहेरी केली होती. मैनाने दहा मिनिटं खटपट केली, मग जाळीला अशी धडक दिली की खुंटीच निघून आली. मामा लांब उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. दुसऱ्या रात्री एकेरी जाळी, आणि सोबत थोडं गवत खाली मोकळं. तेव्हा जमलं. तीन किलो गवत साडेअकरापर्यंत पुरलं.

एवढ्यावर आनंद मानावा का? कुणी वापरतंय का? आणि घोडं सोडून बाकी जनावरांचा अनुभव असेल तर तोही लिहा.


बोक्याची_मावशी | सोमवार, रात्री १०:१२

मस्त धागा! घोड्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मामा आवडले. रुमाल टाकून ठेवते.


खडूस | सोमवार, रात्री १०:३०

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. उद्यापासून मीही वडापाव जाळीतून खाईन म्हणतो.


शेपूटअण्णा | सोमवार, रात्री १०:४१

@खडूस, खाच. गेल्या कट्ट्याला तुमचा वेग सगळ्यांनी पाहिलाय. चार वडे सात मिनिटांत.


डॉ_खूर | मंगळवार, सकाळी ६:२०

निवृत्त पशुवैद्य. आयुष्य गायीम्हशींत गेलं, पण सुरुवातीची काही वर्षं घोडीही पाहिली. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे 'का' समजलं तर 'कसं' आपोआप सुचतं.

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पोटात अन्न असो वा नसो. आपल्याला जेवण दिसलं तरी तोंडाला पाणी सुटतं, घोड्याची लाळ मात्र प्रामुख्याने चावतानाच सुटते. ती लाळ खारट-अल्कधर्मी, आम्ल निवळवणारी. म्हणजे चावणं थांबलं की लाळ थांबते, आम्ल चालूच राहतं. जठराच्या वरच्या भागाच्या अस्तराला आम्लापासून फारसं संरक्षण नसतं. तिथे व्रण होतात. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही.

आता चावण्याचा हिशेब. एक किलो वाळलं गवत खायला घोड्याला चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात, तीन हजारांवर वेळा जबडा फिरतो. तेवढीच चंदी दहा मिनिटांत संपते आणि चावणं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही होत नाही. म्हणून 'चंदी वाढवली, घोडं तगडं होईल' हे अर्धंच खरं. वैरण दिवसाला वजनाच्या निदान दीड टक्का, तीही कोरड्या भागाच्या हिशेबाने. तुमच्या मैनेला वाळलं गवत साडेसहा-सात किलो हवंच. सहा कमी होतं.

जाळीचं म्हणाल तर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात हे मोजून झालंय. तेच गवत जमिनीवर टाकलं तर साधारण तीन तासांत संपलं. पंधरा सेंटिमीटर भोकांच्या जाळीत फारसा फरक नाही. साडेचार सेंटिमीटरच्या आसपास पाच तास, तीन सेंटिमीटरच्या आसपास साडेसहा तास. म्हणजे नुसती जाळी असून उपयोग नाही, सगळा खेळ भोकाच्या मापाचा. आपल्याकडे बाजारात ज्या मोठ्या भोकांच्या जाळ्या मिळतात त्या गवत सांडू नये म्हणून ठीक, वेळ वाढवायला नाहीत.

आणि एक कडू गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. वारा ओढण्याची सवय एकदा मुरली की बहुतेक घोड्यांत पूर्ण जात नाही. जाळीने कमी होईल. गळ्याला पट्टा बांधून ती सवय दाबू नका, आतली कळ तशीच राहते. व्रणाची शंका असेल तर औषध वेगळं घ्यावं लागतं, जाळी हे औषध नव्हे.


रिकीब | मंगळवार, सकाळी ९:०५

डॉक्टर, मनापासून आभार. पट्टा मी परवाच ऑनलाइन टोपलीत टाकला होता, काढला.

ही सवय एका घोड्याची बघून दुसऱ्याला लागते का? शेजारच्या तबेल्याचे मालक मैनाला त्यांच्या शिंगरांजवळ बांधू देत नाहीत.


डॉ_खूर | मंगळवार, सकाळी ९:४०

सगळीकडे हा समज आहे, पुरावा मात्र फारसा नाही. दोन घोडी एकाच तबेल्यात, एकाच वेळापत्रकावर उपाशी राहतात, म्हणून दोघांना लागते. इंग्लंडमध्ये शिंगरांवर झालेलं एक निरीक्षण २००२ साली प्रसिद्ध झालं. आईपासून तोडल्यावर ज्या शिंगरांना चंदी सुरू केली त्यांच्यात वारा ओढायची सवय लागण्याचं प्रमाण चौपट होतं. शेजाऱ्यांना म्हणावं, मैनेकडे बघू नका, शिंगरांच्या पाटीत काय पडतंय ते बघा.


दस्तुरीनाका | मंगळवार, दुपारी ३:१५

मी माथेरानला घोडं चालवतो. मोबाईलवर लिहितोय, चुका पोटात घाला.

ताई तुमचं सगळं बरोबर असेल, पण आमचं घोडं कामाचं घोडं हाय. वर गाडी येत नाही, त्यामुळे माणूस बी घोड्यावर आणि बऱ्याचदा सामान बी. वैरण सगळी खालनं येते, तिला पैसा लागतो. स्टँडवर नंबर लागला की पाच मिनिटांत निघायचं. तिथं घोडं जाळीतनं काडी काडी काढत बसलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाणार. आम्ही तोबरा, म्हणजे तोंडाला चंदीची पिशवी बांधतो, पंधरा मिनिटांत चंदी खाऊन मोकळं.

दुसरं, आमच्यात म्हणतात चढाला जायच्या आधी घोड्याला खायला घालू नये, पोट धरतं. मग दिवसभर जाळी टांगून काय करू?


डॉ_खूर | मंगळवार, सायंकाळी ५:५०

दस्तुरीनाका, तुमच्या म्हणण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. चंदी पोटभर खाऊन लगेच चढ, हे टाळायचंच. तोबरा उतरवल्यावर घोड्याला निदान तासभर द्या. गवताचं उलटं आहे. अगदी रिकाम्या पोटी घोडं दुडकं चाललं की पोटातलं आम्ल हिंदकळून वरच्या नाजूक भागाला लागतं. निघण्याआधी दोन मुठी गवत खाल्लेलं असलं तर त्याचा थर आम्लावर तरंगतो आणि हिंदकळणं कमी होतं. म्हणून स्टँडवर नंबरची वाट बघताना समोर गवताची पेंढी असू द्या. जाळी नको, पेंढीच. जाळी रात्री ठाणावर.


दस्तुरीनाका | मंगळवार, रात्री ८:३०

हे पटलं. दोन मुठी गवत कुणालाही परवडतं. रात्रीचं बघतो. आमच्याकडं रात्री गवत पायाखाली जाऊन निम्मं वाया जातं, त्यावर मुततं आणि मग तोंड लावत नाही. जाळीनं ते जरी वाचलं तरी जाळीचे पैसे सुटतील.


पोल्डरवरून | मंगळवार, रात्री ११:५५

नेदरलँड्समधून लिहितेय. आमच्याकडे प्रश्न बरोबर उलटा आहे, घोडी उपाशी नाहीत, फार खातात. लेकीचं शेटलंड तट्टू आहे, कमरेएवढं उंच आणि पिंपासारखं गोल. वसंतात इथलं गवत साखरेने भरलेलं असतं. ते मनसोक्त खाल्लं की तट्टांच्या खुरांच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येते, पाय टेकवत नाही. गेल्या वर्षी आमच्या तट्टाला तीन आठवडे उभं राहवत नव्हतं. त्याला भूक तर लागते, पण जास्त देता येत नाही. अशा वेळी थोडं गवत जास्त वेळ पुरवणारी जाळी म्हणजे वरदानच. आम्ही वाळलं गवत आधी पाण्यात भिजवतो, साखर थोडी निघून जाते, मग जाळीत भरतो.

कुरणात सोडताना तोंडाला एक टोपली बांधतात, खाली लहानसं भोक, त्यातून गवताची टोकं तेवढी येतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आई म्हणाली, "अगं, हे तर मुसकं! मळणीला बैलांना बांधायचो आम्ही." मी इथल्या दुकानात त्या मुसक्याला युरो मोजले होते, ते आईला सांगितलं नाही.

@रिकीब, दोन गोष्टी जरूर पाळा. मैनाला नाल असेल तर जाळी खाली लोंबू देऊ नका. जाळी रिकामी झाली की लांब होते, भरलेली असताना जिथे असते तिथे राहत नाही. नालाची कड भोकात अडकली की घोडं घाबरून मागे खेचतं आणि पाय मोडून घेतं. आणि जाळीची दोरी थेट खुंटीला बांधू नका. मध्ये सुतळीचा एक फास ठेवा, ओढ बसली की सुतळी तुटली पाहिजे.

तरीही टांगलेली जाळी मला मनापासून आवडत नाही. घोडं मान खाली घालूनच खातं, वर टांगलं की मान वाकडी करून ओढतं आणि गवताचा धुरळा थेट नाकात जातो. आम्ही लाकडी पेटी केलीय, आत गवत, वर जाळीचं झाकण. गवत कमी होत जाईल तशी जाळी खाली जाते.


दावण | बुधवार, सकाळी ७:१०

सांगोला तालुका. घोडं नाही, चार गाया, दोन बैलं आणि शेरडं.

पेटीचं बेस सांगितलं ताईंनी. आमच्याकडं औषधाचं निळं पिंप मिळतं दोनशे लिटरचं, पण तसलं घेऊ नका, खाण्याच्या मालाचं घ्या. आडवं नाही, उभंच अर्धं कापायचं, काठाला पाण्याचा जुना पाइप चिरून बसवायचा म्हंजे कापत नाही. वर जाळी.

पर रिकीबताई, तुम्ही कडबा घालत असाल तर ही जाळी चालायची नाही. ज्वारीचं ताट भोकातनं यीत नाही. आणि कुट्टी केली तर भोकातनं सगळी खाली गळती. जाळी डोंगरी गवताला, नाहीतर वाळल्या लसूणघासाला. तिची पानं तेवढी झडून बुडाला जमतात, ती नंतर कोंड्यात मिसळून द्या, तोच खरा माल असतो.

गायीला मात्र हे कशाला? गाय भराभरा खाती आन् मग निवांत बसून रवंथ करती. तिचं चावणं खाल्ल्यावर सुरू व्हतं. डॉक्टर सांगतील.


डॉ_खूर | बुधवार, सकाळी ८:००

दावणरावांनी सांगितलं त्यात माझी भर फक्त एवढीच. गायीबैलांत घाई नडते ती वैरणीची नव्हे, धान्याची. भात, शिळ्या पोळ्या, पिठाचे गोळे भराभर पोटात गेले की पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, ते आंबून आम्ल होतं. जनावर रवंथ सोडतं, पातळ हगतं, वेळेत उपचार नाही झाला तर जातं. माझ्या नोकरीतल्या बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मला अजून आठवते. पुरणपोळ्या भरवलेली बैलं रांगेने. सगळ्या मालकांचं वाक्य एकच, "काल लई मायेनं घातलं हो."


दावण | बुधवार, सकाळी ८:२५

खरंय. पाच पोळ्या घरच्या, पाच शेजारच्या, आन् पावण्यांच्या येगळ्याच. आता आम्ही एकच पोळी फिरवतो, समद्यांनी तीच दावायची.

आणखी एक, शेळीला जाळी अजिबात नको! मागल्या साली आमच्या भावकीत एक पाट, म्हंजे तरणी शेळी, जाळीत शिंगं घालून अडकली, रात्रभर गिरक्या घेऊन फास लावून घेतला. शेळीला पाला टांगायचा. बाभळीची, सुबाभळीची डहाळी दोरीनं उंचावर. पुढचे पाय उचलून खाती, वेळ बी जातो, आन् पायाखाली गेलेला पाला ती खात नाहीच. तेच तिचं सावकाश खाणं. सुबाभूळ रोज रोज पोटभर देऊ नका फक्त.


शेपूटअण्णा | बुधवार, दुपारी १:००

आमच्या लॅब्राडोरबद्दल. नाव बुंदी, काम गिळणे. ताटलीभर खाणं चाळीस सेकंदांत, मग ठसका, मग अर्धं बाहेर, मग तेच परत आत. बायकोने एक दिवस वैतागून अप्पेपात्र पुढे केलं. प्रत्येक खळग्यात दोन चमचे खाणं. चाळीस सेकंदांची आठ मिनिटं झाली! आता घरात दोन अप्पेपात्रं आहेत आणि पाहुण्यांना अप्पे देताना बायको मुद्दाम सांगते की हे दुसरं.

बाजारात चक्रव्यूहासारख्या उंचवट्यांचे वाडगे मिळतात, रबराची पोकळ खेळणीही. ते प्रसिद्ध काँग खेळणं १९७० च्या दशकात जन्माला आलं त्याची गोष्ट मजेची आहे. अमेरिकेतल्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड फ्रिट्झ दगड चावून दात झिजवत होता. गाडी दुरुस्त करताना त्यांनी फोक्सवॅगन व्हॅनच्या सस्पेन्शनमधला रबरी भाग बाजूला टाकला, आणि फ्रिट्झने दगड सोडून तो धरला. त्यावरूनच काँग सुचलं. आम्ही काँगमध्ये दही-पोह्याचा गोळा भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. उन्हाळ्यात बुंदी अर्धा तास गप्प.


डॉ_खूर | बुधवार, दुपारी २:३०

अप्पेपात्र नॉनस्टिक असेल तर वापरू नका, पापुद्रे निघतात. बिडाचं किंवा स्टीलचं.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, ग्रेट डेन वगैरे, भराभर खाणं हे जठर फुगून पीळ पडण्याच्या कारणांपैकी एक आहे. तासाभरात जीव जाऊ शकतो. पोट फुगलंय, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर इथे विचारत बसू नका, गाडी काढा. आणि वाडगा स्टुलावर ठेवल्याने हे टळतं असं वाटत असेल तर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने २००० साली मोठ्या कुत्र्यांत नेमकं उलटं नोंदवलं. उंच वाडग्याने धोका वाढलेला दिसला.


बोक्याची_मावशी | बुधवार, रात्री ९:२०

मी अप्पेपात्र वाचून लगेच बोक्यावर प्रयोग केला. त्याने एकदा पात्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जाऊन गॅलरीत बसला. रात्रभर जेवला नाही. सकाळी मीच हरले.


डॉ_खूर | बुधवार, रात्री ९:४५

हरलात ते बरं केलंत. मांजराला 'भूक लागली की खाईल' हा न्याय लावू नये. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून आजारी पडतं. नेहमीची ताटली तशीच ठेवा, बाजूला टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत चार दाणे. वाटलं तर खेळेल.


पोल्डरवरून | गुरुवार, रात्री १२:४०

यावर एक गमतीची गोष्ट. १९६३ साली ग्लेन जेन्सन या संशोधकाने उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले. एका वाटीत खाणं आयतं, दुसरीकडे कळ दाबली की मिळणार. वाटी भरलेली असूनही बहुतेक उंदीर कळ दाबायला गेले. पुढे कबुतरं, माकडं, अस्वलं, कितीतरी प्राण्यांत हेच दिसलं. कष्ट करून खाणं आवडतं, फुकटचं नव्हे. मग २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला सतरा पाळीव मांजरांवर तोच प्रयोग झाला. मांजरांनी थाळीतलंच जास्त खाल्लं. मावशी, तुमचा बोका विज्ञानाच्या बाजूने आहे.


खडूस | गुरुवार, सकाळी १०:१५

अखेर माझ्या विचारांचा एक प्राणी सापडला.


रिकीब | गुरुवार, सकाळी ११:००

:) खडूस, तुम्ही धाग्यावर परत आलात यातच सगळं आलं.

दावणदादा, पिंपाची युक्ती शनिवारी करून बघते. सगळ्यांचे खूप आभार. एक शंका, दातांचं काय? रोज जाळीवर दात घासून पुढचे दात झिजणार नाहीत ना?


डॉ_खूर | गुरुवार, सायंकाळी ६:०५

सुताच्या किंवा नायलॉनच्या गुंफलेल्या जाळीने फारशी झीज होत नाही, मिनेसोटावाल्यांनी पुढे दोन वर्षं वापरून दात तपासले. लोखंडी जाळी किंवा गज मात्र नको. आणि मासेमारीचं पातळ एकपदरी तंगूससुद्धा नको, हिरडी कापतं. क्रिकेटची जाळी योग्य निवडलीत.


रिकीब | दोन महिन्यांनंतर, रविवार, रात्री ८:३०

धागा वर आणतेय. बऱ्याच जणांनी व्यनित (खाजगी निरोपात) मैनाची चौकशी केली, म्हणून.

आता रोजचं गवत आठ किलो, चंदी दीड किलो, तीही तीन वेळा विभागून. अर्ध्या पिंपाचं भांडं झालं, मैनाचे पुढचे नाल काढले, त्यामुळे ते जमिनीवरच ठेवता येतं. रात्री दहाला मामा झोपायच्या आधी पुन्हा भरतात. पहाटे चारला मोबाईल कॅमेऱ्यात बघितलं तर बाई निवांत काड्या ओढत असतात. शेणाचे गोळे आता व्यवस्थित बांधलेले पडतात. अंगावर तकाकी आलीय, का ती खराऱ्याची, ठाऊक नाही, मामा म्हणतात खराऱ्याची.

वारा ओढणं थांबलं नाही, डॉक्टर म्हणाले होते तसंच. रात्रीचं जवळजवळ गेलं. चंदी खाल्ल्यावर मात्र पंधरा-वीस मिनिटं वाशाला लागतेच.

त्यावरूनच पुढची गोष्ट. चंदी ती अधाशासारखी खायची, मध्येच खोकायची. मी चंदीचे दाणे गळणारा मोठा चेंडू मागवायचं ठरवलं, घोड्याने नाकाने ढकलत फिरायचं तसला. मामांना फोटो दाखवला. मामा काही न बोलता कऱ्हेच्या पात्रातून पाच-सहा गुळगुळीत गोटे घेऊन आले, नारळाएवढे. धुतले आणि चंदीच्या पाटीत ठेवले. मैना ओठांनी गोटे सरकवत, मधले दाणे वेचत, पंचवीस मिनिटं खात राहिली. मामा म्हणाले, "आमचा बा वरातीच्या घोड्याला असंच घालायचा. घोडं लई खादाड असलं की." मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणे, "तुम्ही जाळीचं इचारलं. गोट्याचं कुणी इचारलंय?"


पोल्डरवरून | रविवार, रात्री ९:१५

अगं, इथेही जुने लोक हेच करतात, पाटीत दगड! दगड मात्र तोंडात मावणार नाही एवढा मोठा हवा.


दस्तुरीनाका | सोमवार, दुपारी २:००

जाळी घेतली, दोन घोड्यांना रात्री लावतो. गवताची बचत दिसते. एक घोडं शहाणं निघालं, जाळी उलटी करून झटकतं, खाली पडलेलं खातं. दुसरं त्याच्या शेजारी उभं राहून तेच खातं.


रिकीब | पुढच्या रविवारी, रात्री १०:००

मामांची नवीन बातमी, मग खरंच थांबते.

गेले तीन रविवार गवत नेहमीपेक्षा लवकर संपत होतं. मला वाटलं मी असते म्हणून घोडी लाडात येते. आज जाळी धुवायला उलटी केली तर मागच्या बाजूला, भिंतीकडे, मूठभर मावेल एवढं भोक. फाटलेलं नाही. कडा सुतळीने नीट गुंफलेल्या, आणि बंद करायला एक छोटी नाडी.

मामांना विचारलं, हे काय?

"रविवारचं भोक हाय ते. हप्ताभर बिचारी काडी काडी खाती. सणवार नको का तिला?"

नाडी सोमवारी सकाळी तेच बांधतात म्हणे. मैनाला रविवार कसा कळतो ते विचारलं, तर म्हणाले, "तुमची गाडी आली की भिंतीकडं जाऊन उभी ऱ्हाती."